दुसरी पिशवी

"सोबत्याने बोलावं, गावं, शिव्या घालाव्यात, काय वाटेल ते करावं," पंच म्हणाले. "पण धावणाऱ्याचं सामान उचलायचं नाही. पाण्याची बाटली नाही, बॅटरी नाही, नाक पुसायचा रुमालसुद्धा नाही. उचललंत की शर्यत संपली. तुमची नाही, तिची. कळलं?"

"कळलं," ती म्हणाली.

"शिव्यांचं काम माझ्याकडे आहे," खिळा म्हणाली. "तिला ते झेपत नाही."

पंचांना हसू आलं नाही. त्यांनी तिच्या मनगटावर सोबत्याची हिरवी पट्टी बांधली, इतकी घट्ट की नाडीच बघताहेत असं वाटावं, आणि ते पुढच्या जोडीकडे वळले.

खिळा पालथ्या क्रेटवर बसून बुटातली वाळू झटकत होती. पहाटेपासून ती डोंगरात होती. तलावाला वळसा, मग काळ्या कातळाचा चढ, मग संपता न संपणारं गवत. आता अंधार पडत होता आणि निम्मी वाट अजून उरली होती. या शर्यतीची रीतच अशी, की उजेड आहे तोवर ज्याने त्याने एकट्याने धावायचं आणि दिवस बुडाला की एक सोबती बरोबर घ्यायचा. अंधारात भलीभली माणसं वाट चुकतात, बसल्या जागी झोपतात, झुडपांशी भांडायला लागतात, म्हणून. सोबत्याला ना नंबर ना पदक. त्याने फक्त असायचं.

"चल," खिळा म्हणाली. उठताना तिचा डावा गुडघा कुरकुरला. खरोखरच आवाज आला. दोघींनी तो ऐकला आणि दोघींनीही ऐकला नाही असं दाखवलं.

खिळा हे नाव शाळेतलं. सरळसोट, बारीक आणि कुठूनही हात लावला तरी टोचणारी. मोठेपणी ती शहरातली बस चालवू लागली आणि क्लच दाबून दाबून तिने तो गुडघा पार कामातून घालवला. पुढच्या आठवड्यात त्याची शस्त्रक्रिया होती. चालता येईल, बस कदाचित चालवता येईल, डोंगर विसरा, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. या शर्यतीत ती आधी दोनदा उतरली होती. एकदा धुक्यात अडकून वेळ संपली, एकदा पोटाने दगा दिला. दोन्ही वेळा गाडीत बसून परत यावं लागलं होतं. पूर्ण करणाऱ्याला मिळायचं काय, तर पत्र्याचं पदक आणि शाळेच्या मैदानातल्या कमानीखालून जाण्याचा मान. पण खिळ्याला ती कमान हवी होती. आयुष्यात दुसरं काही फारसं मागितलं नव्हतं तिने. आणि ही वेळ शेवटची होती.

तिच्या ठरलेल्या सोबत्याचा, तिच्याच डेपोतल्या मेकॅनिकचा, ऐन वेळी पाय मुरगळला. तेव्हा तिने हिला, आपल्या जुन्या मैत्रिणीला, फोन केला. दीड वर्षाच्या अबोल्यानंतर. ना कशी आहेस, ना काय चाललंय.

"शनिवारी रात्री मोकळी आहेस का? नसशीलच. पण विचारते."

आणि हिच्या तोंडून 'आहे' निघून गेलं होतं.

त्यावरून घरात जे रामायण झालं ते तीन दिवस पुरलं. सासूबाई म्हणाल्या, रात्रभर डोंगरात धावायचं? कुणाच्या मागे लागायचं असतं की कुणी मागे लागलेलं असतं? नवऱ्याने ताटली सिंकमध्ये आपटली. तिची लेक भुंगी, नुकतं अंगावरचं पिणं सुटलेली, हिच्या बुटांत हात घालून घरभर रांगत होती. ती निघाली तेव्हा भुंगी झोपली होती. झोपेतसुद्धा तिने हिचा अंगठा मुठीत धरला होता. एकेक बोट सोडवताना हिला वाटलं होतं की आपण चोरी करतोय. आणि चोरी तरी कसली, तर स्वतःचाच अंगठा.

आता त्या दोघी खाणीच्या कडेने धावत होत्या. वारा समोरून, तोंडात मारल्यासारखा.

"डावीकडून चाल. तुझ्या बॅटरीचा उजेड माझ्या डोळ्यात येतोय."

"मी मागे आहे तुझ्या. डोळ्यात कसा येईल?"

"मग मानेत येतोय."

ती डावीकडून चालू लागली. डावीकडे काटेरी झुडपं होती. पोटऱ्यांवर सपासप ओरखडे उठत होते. खिळ्याला ते दिसत होतं, आणि म्हणूनच तिने डावीकडे धाडलं असावं, अशी हिची खात्री होती.

"पाणी पी," ती म्हणाली. सोबत्याचं काम म्हणून.

"तहान मला लागते की तुला?"

"तुला लागत नाही हाच तर घोळ असतो रात्री. मागच्या वेळी..."

"मागच्या वेळी तू नव्हतीस. मागच्या वेळचं तू सांगू नको."

खाण संपली. वाट मेंढ्यांच्या कुंपणाला घासून जाऊ लागली. आतून दोन कुत्री अशी उसळली की ती कुंपणावरून येतात की कुंपण घेऊनच येतात हे कळेना. पाठोपाठ अंधारातून एक दगड आला आणि मागून एक आवाज.

"मरायला येता का इथं रात्रीचे? जनावरं बिथरतात! झोपा ना घरी!"

"तू झोप!" खिळा ओरडली. "आणि तुझ्या कुत्र्यांनाही घेऊन झोप!"

दुसरा दगड जवळ पडला. दोघी पळाल्या. शर्यतीत नसतील पळाल्या इतक्या पळाल्या. थांबल्या तेव्हा खिळा गुडघ्यावर हात ठेवून वाकली होती आणि तिचा श्वास करवतीसारखा वाजत होता.

"काही गरज होती का उत्तर द्यायची?" ती म्हणाली.

"तू नाही देत उत्तर. फोनलाही देत नाहीस. म्हणून मला दोघींचं द्यावं लागतं."

आलं. वाटेत कुठेतरी हे येणार हे तिला माहीत होतं.

"मूल अंगावर होतं माझ्या," ती म्हणाली. "रात्र नाही, दिवस नाही. तुला काय कळणार?"

"धावायचं थांबतं, ते कळतं मला. बोलायचं का थांबावं? मूल झालं की नाळेबरोबर जीभ पण कापतात का? 'नंतर करते', 'नंतर करते'. दीड वर्ष झालं. तुझं ते नंतर अजून यायचंय."

"आणि तू? एकदा तरी आलीस भुंगीला बघायला? लोक आपणहून येतात."

"आले होते."

"कधी?"

"दवाखान्यात. दारापर्यंत. ड्यूटी संपवून, युनिफॉर्मवरच. तुझ्या सासूबाई दारात होत्या. म्हणाल्या, आत्ताच डोळा लागलाय, नंतर या. तुमच्या घरात सगळ्यांचं नंतरच असतं वाटतं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"मग मी सांगायचं होतं? खिडकीखाली उभं राहून, हॉर्न वाजवून?"

हिला राग आला होता, पण कुणाचा हे ठरवायला सवड नव्हती, कारण खिळा पुन्हा चालायला लागली होती. आणि चढ सुरू झाला होता, या वाटेवरचा सगळ्यांत वाईट, ज्याला धावणारे नुसतंच 'तो' म्हणत.

'तो' माणसाला चार पायांवर आणतो. हाताने दगड धरायचा, पाय वर घ्यायचा, मग तो दगड निघून हातात येतो. वर जावं तसा वारा थंड होत गेला, घामाची पाठ बर्फ होत गेली. मागून एक जोडी आली. बॅटऱ्यांचा पांढराफटक उजेड, महागडे बूट.

"बाजूला व्हा, बाजूला व्हा," पुढचा म्हणाला. "चालायचंच असेल तर कडेने चालावं माणसाने."

"कडेने दरी आहे," खिळा म्हणाली. "तू जा तिथून, मी बघते कसं वाटतं."

तो गेला. जाताना त्याच्या काठीने उडवलेली खडी दोघींच्या तोंडावर आली. खिळ्याने थुंकी टाकली आणि त्यात जरा जास्तच काहीतरी बाहेर पडलं. पोटाने सुरुवात केली होती.

"बटाटा खा," ती म्हणाली. "मिठाचा. थोडा."

"बटाट्याचं नाव काढू नको."

"मग काय खाशील?"

"तुला."

माथ्यावर पोचल्या तेव्हा खिळ्याचे ओठ राखेसारखे झाले होते. एका खडकाच्या आडोशाला ती उभीच राहिली, पाठ वाकवून, येणाऱ्या उलटीची वाट बघत. आणि नेमक्या त्याच वेळी, डोंगरमाथ्यावर रेंज आल्यामुळे, हिच्या छातीवरच्या खिशातला फोन थरथरायला लागला.

घरून होता. थांबला आणि पुन्हा लागला. मधले किती चुकले होते कोण जाणे.

"अगं, आहेस कुठे?" सासूबाई. मागे भुंगीचं रडणं, ते वरच्या पट्टीतलं, श्वास अडकणारं. "मघापासून नुसती तडफडतेय पोर. दूध घेत नाही, मांडीवर राहत नाही. फिरवून फिरवून त्याची पाठ धरली. तुला काय, तू बसलीस डोंगरावर."

"ताप आहे का, आई?"

"ताप नाही. आई नाही. तेवढंच झालंय तिला."

"तिच्या कानाला लावा फोन."

"काय?"

"लावा ना. मी जीभ वाजवते. तिला ते कळतं."

आणि ती जीभ टाळूला लावून वाजवू लागली. टक, टक, टक. रोज रात्री अंधारात वाजवायची तशी, घोडा चालल्यासारखी. वाऱ्यात तिचा स्वतःचाच आवाज तिला येईना. एक कान बोटाने बंद केला, दुसऱ्यात लेकीचं रडणं. टक, टक, टक. रडणं जरा अडखळलं. थांबून ऐकल्यासारखं झालं. टक, टक.

शेजारी खिळा ओकत होती. ओकताना छातीवरचे पट्टे काचतात म्हणून तिने पाठीवरची पिशवी उतरवून हात बाजूला केला. पाणी, कोरडे कपडे, बॅटरीचे जादा सेल, सगळं त्या पिशवीत. नुसताच हात लांब केला, कुणाला देतेय हे न बघता.

आणि हिने ती घेतली. तीही न बघताच.

दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती ती. डॉक्टरांच्या हातातलं वापरलेलं हत्यार काढून घ्यायचं आणि त्याच दमात पुढचं ठेवायचं, हे तिचं काम. डॉक्टरांची नजर रुग्णाच्या तोंडात, हिची दिव्यावर. कुणी मागायचं नाही, कुणी बघायचं नाही. चांगल्या मदतनिसाचा हात जाणवता कामा नये, असं डॉक्टर म्हणत, आणि हिचा कधी जाणवत नसे. घरीही तेच. सासूबाईंच्या हातातली भाजीची पिशवी, नवऱ्याचा रिकामा कप, भुंगीच्या मुठीतला चघळलेल्या बिस्किटाचा लगदा. ते तिच्या हातात कधी आलं हे देणाऱ्यालाही कळायचं नाही आणि तिलाही.

तशी ती पिशवी आली. खांद्याला लागली. तिचा कान आणि तोंड घरी होतं, हात दवाखान्यात होते. डोंगरावर फक्त पाय होते.

"झोपायला लागलीय बहुतेक," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, आणि आवाज हळू केला म्हणून राग काही कमी नव्हता झाला. "वाजव अजून."

टक, टक, टक. खिळा तोंड पुसून उतरणीला लागली होती. ती मागोमाग निघाली, फोन कानाला, जीभ टाळूला. उतार पडताच रेंज गेली आणि भुंगी, सासूबाई, घर सगळं एकदम विझलं.

पुढे घडलं ते असं, की खिळा धावायला लागली.

खरंच धावायला. पोट रिकामं झालं होतं, वारा आता पाठीशी होता. तिचे खांदे मोकळे सुटले होते, हात पाण्यात मारावेत तसे चालत होते. गुडघा दुखत असणारच, पण तो कुणा दुसऱ्याचा असल्यासारखी ती दगडांवरून उड्या टाकत होती. दोघी एकवीस-बावीस वर्षांच्या असताना तलावाच्या बांधावर धावायच्या, तेव्हाची ती. हिला मागे राहणं जड जाऊ लागलं.

"अगं, हळू!"

"हळू जायला तुझी सासू बोलाव!"

ही हसली. हसू फुटलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला, तरी हसली. वाटेत त्या महागड्या बुटांच्या जोडीला त्यांनी मागे टाकलं. "कडेने चाला हं, कडेने," खिळा जाता जाता म्हणाली. त्या रात्रीतला एवढाच काय तो तुकडा, जिथे कुणी कुणावर खेकसलं नाही.

खाली टप्प्याचा तंबू होता. कंदिलासारखा पिवळा. आत स्टोव्हवर पातेलं, जमिनीवर घोंगड्या पांघरून बसलेली चार-दोन माणसं, दाराशी टेबल आणि टेबलामागे लोकरीची टोपी घातलेल्या एक बाई. त्या इथल्या पंच. त्यांनी खिळ्याचा नंबर पाहिला, घड्याळ पाहिलं.

"छान. वेळ आहे हाताशी. असंच गेलात तर उजाडताना कमानीत." मग त्यांची नजर हिच्यावर आली आणि तिथेच राहिली. "ही कुणाची?"

"काय?"

"तुमच्या पाठीवर एक पिशवी आहे. खांद्यावर दुसरी आहे. दुसरी कुणाची?"

तिने खांद्याकडे पाहिलं. निळी पिशवी. बाजूला खिळ्याच्या डेपोचा बिल्ला टाचलेला. तिला आधी वाटलं की ही इथे कुणीतरी आत्ताच अडकवली असणार. इतकी ती पिशवी तिच्या खांद्याला ठाऊकच नव्हती.

"माझी," खिळा म्हणाली.

"मग तुम्हाला नियम माहीत असेल."

"तिला उलटी होत होती हो," ती घाईघाईने म्हणू लागली. "मी फोनवर होते. माझी मुलगी रडत होती. मला कळलंच नाही, मी घेतली ते. आईशप्पथ कळलं नाही. हवं तर मला काढा. मी नाही जात पुढे. ती एकटी जाईल."

"तुम्हाला कशातून काढणार? तुम्ही शर्यतीत नाहीच."

"वेळ लावा दंड म्हणून. अर्धा तास बसवा. तास बसवा!"

"बाई," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "त्या घोंगडीतल्या बाई बघा. पायाची नखं गेलीत त्यांची. त्यापण आपलं आपण उचलून आल्यात. त्यांना काय सांगू मी?"

घोंगडीतल्या बाईने मान खाली घातली. मागून महागडे बूट येऊन पोचले होते. "आता कळलं, एवढ्या कशा उडत होत्या," त्यातला एक म्हणाला. एरवी खिळ्याने त्याला उभा चिरला असता. तिने मानही वळवली नाही.

टोपीवाल्या बाईंनी कात्री उचलली, नंबराचं कापड कापायला.

"कापू नका," खिळा म्हणाली. "मी काढते."

बोटं गारठलेली. पिना बारीक. एकेक पिन उघडायला तिला फार वेळ लागला आणि तेवढा वेळ सगळा तंबू दुसरीकडे बघत होता. तिने कापडाची घडी घातली, पिना त्यावर ठेवल्या, आणि टेबलावर सरकवलं. मग हिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"दे."

तिने पिशवी दिली. खिळ्याने ती पाठीला लावली, छातीवरचे पट्टे आवळले.

"मागे गाडी आहे," टोपीवाल्या बाई म्हणाल्या. "गरम गाडी आहे. तासाभरात मैदानावर सोडेल."

"दोनदा बसलेय त्या गाडीत," खिळा म्हणाली. "सीटचा स्पंज गेलाय." आणि ती तंबूच्या दुसऱ्या दाराने, पुढच्या वाटेला लागली.

ही तिच्यामागे धावली. "थांब! मी येते."

"तू गाडीने जा."

"मी तुझी सोबत आहे."

"कशाची सोबत? शर्यत आहे का आता? जा घरी. पोरगी आहे तुला. जीभ वाजव जा तिच्यापुढे."

"मी मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम केलं असतंस तर बरं झालं असतं!" खिळा गर्रकन वळली. बॅटरीचा उजेड सरळ हिच्या डोळ्यात. "मुद्दाम म्हणजे निदान माझ्याकडे लक्ष होतं म्हणायचं. तू तर बघितलंसुद्धा नाहीस. माझी दहा महिन्यांची तयारी खांद्याला अडकवून तू खाली आलीस आणि तुला कळलं नाही. तुला कधीच काही कळत नाही. कुणी काहीही हातात दिलं की घेतेस. नवरा दिला, घेतलास. घर दिलं, घेतलंस. मला हातातून काढून घेतलं, तेही कळलं नाही तुला."

ती उजेडात डोळे मिटून उभी राहिली.

"मागून येऊ नको," खिळा म्हणाली आणि गेली.

ती मागून गेली. वीस-पंचवीस पावलांचं अंतर ठेवून. पुढचा उजेड थांबला की थांबायची, चालला की चालायची. उरलेली रात्र अशी गेली. ओढ्याच्या गुळगुळीत दगडांवरून पुढचा उजेड दोनदा खाली पडला आणि दोनदा आपला आपण उठला. दुसऱ्या वेळी तो बराच वेळ जमिनीवर राहिला. ती ओढ्याच्या अलीकडे उभी होती, मुठी काखेत दाबून. थंडी होतीच. पण मुठी काही थंडीसाठी दाबल्या नव्हत्या.

उजाडू लागलं तेव्हा शेवटची टेकडी आली. बॅटऱ्या विझल्या. राखाडी उजेडात खिळा किती वाईट चालतेय ते दिसलं. डावा पाय ओढत होती, ओला कपडा ओढावा तसा. टेकडीच्या मध्यावर ती एका दगडावर टेकली. ही वीस पावलांवर थांबली.

"ये," खिळा मागे न बघता म्हणाली. "भुतासारखी उभी राहू नको."

ती गेली. शेजारी बसली नाही, उभी राहिली. खाली शाळेचं मैदान दिसत होतं. रंगीत कमान, मुंगीएवढी माणसं, लाउडस्पीकरचा तुटक आवाज.

"कळलं होतं मला," खिळा म्हणाली.

"काय?"

"पिशवी तुझ्याकडे होती ते. उतरणीलाच कळलं. पाठीवरून एवढं ओझं जातं आणि माणसाला कळत नाही होय? हलकं वाटत होतं. इतकं हलकं वाटत होतं ना... म्हटलं, वळणापर्यंत. मग म्हटलं, त्या झाडापर्यंत. तंबूच्या आधी मागून घेईन." तिने नाक पुसलं. "मग तू हसलीस. मग राहिलंच."

हिच्या अंगाचा नुसता भडका झाला.

"आणि मला एवढं बोललीस ते? तिथे, तंबूत, सगळ्यांसमोर, मी मेल्याहून मेले!"

"मग कुणाला बोलणार होते? दुसरं होतं कोण तिथे?"

"स्वतःला बोलायचं होतंस!"

"ते चालूच होतं," खिळा म्हणाली. "तू लांब होतीस, ऐकू नाही आलं तुला."

फोन थरथरला. नवऱ्याचा निरोप होता. भुंगी उठलीय, तुझे बूट शोधतेय, कधी येतेस. शेवटी प्रश्नचिन्हही घातलेलं नव्हतं. ती तो वाचून उभी राहिली.

मैदानात शिरताना दोरी लावून वाट आखली होती. दोरीच्या आत धावणारे, बाहेर टाळ्या वाजवणारे. खिळा दोरीच्या बाहेरून चालत गेली. कमान आली, तशी कमानीच्या खांबाला वळसा घालून गेली. पदकं घेऊन उभ्या असलेल्या एका बाईने तिचे चिखलाचे पाय आणि तोंडावरचं मीठ पाहिलं आणि अभिनंदन म्हणत पुढे केलेली फीत गळ्यात टाकायला हात उंचावले. खिळ्याने मान मागे घेतली.

"माझं नाही," ती म्हणाली. "पाणी आहे का?"

ती बाई गोंधळली. पाणी तिकडे आहे म्हणाली. खिळा तिकडे गेली. स्वतःची बाटली काढली, स्वतः भरली, स्वतः झाकण लावलं. ही मागे होती. नळाखालून बाटली बाहेर येत होती तेव्हा हिचे हात पुढे गेले आणि हिने ते अर्ध्यातून मागे घेतले.

गावापर्यंत सोडणारी गाडी कुंपणापाशी उभी होती. उंच चाकांची, मागून चढायची. आतल्या बाकांवर बसलेले एकमेकांना हात देऊन वर ओढत होते, कुणी आई गं म्हणत होतं, कुणी हसत होतं. खिळ्याची पाळी आली. तिने उजवा पाय पायरीवर ठेवला. डावा उचलेना. आतून दोन हात पुढे आले. तिने त्या हातांकडे पाहिलं आणि नको म्हणून मान हलवली. मग दांडा सोडून ती वाकली, आपल्या डाव्या मांडीखाली दोन्ही पंजे घातले, जड पेटी उचलावी तसा स्वतःचा पाय उचलला आणि पायरीवर नेऊन ठेवला. पाठीवरची पिशवी त्या भाराने एका बाजूला कलली.

मागे रांगेतल्या कुणीतरी हिला कोपराने ढोसलं. "अहो, धरा ना त्यांना."

ही आपले दोन्ही हात मागे, एकात एक गुंतवून उभी होती. खिळ्याने दुसऱ्या पायरीकडे पाहिलं, श्वास घेतला, आणि पुन्हा वाकली.